समीक्षाचा उतार

समीक्षा परीक्षा देऊन केंद्राच्या फाटकातून बाहेर आली तेव्हा तिच्या आईच्या, राजश्री हालकुडेच्या, एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. आजूबाजूच्या आया आपापल्या लेकरांवर तुटून पडल्या होत्या. पेपर कसा गेला, भौतिक अवघड होता का, अमक्याचं उत्तर काय काढलंस. समीक्षाने बाटली घेतली नाही. तिने आईचं मनगट घट्ट धरलं आणि तिला गर्दीतून बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत नेलं.

"मम्मी, आता नीट ऐक. उद्यापासून डोस कमी करायचाय. मी मागेन. रडेन, पाया पडेन, तोंडाला येईल ते बोलेन. तरी तू अंगठा लावायचा नाहीस. शपथ घे."

"अगं, आधी पाणी तर पी."

"शपथ घे म्हणलं ना."

राजश्रीने शपथ घेतली. सिद्धेश्वराची घेतली, वर लेकीच्या गळ्याचीही घेतली. या गडबडीत पेपर कसा गेला हे विचारायचं राहूनच गेलं.

शतक तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. लातुरात रिक्षा बिनचालकाच्या झाल्या होत्या, वर्गात फळा जाऊन हवेत तरंगणाऱ्या आकृत्या आल्या होत्या, पण ट्यूशन एरियातली रीत तीच होती. देवणीहून, निलंग्याहून, अहमदपूरहून आया लेकरांना घेऊन यायच्या, एक खोली भाड्याने करायच्या आणि दोन वर्षं घरदार, नवरा, गोतावळा सोडून पोळ्या लाटत बसायच्या. लेकरू डॉक्टर व्हायचं आणि आईचे गुडघे कामातून जायचे. इथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. राजश्री इथे 'समीक्षाची मम्मी' होती. नवरा बसवराज देवणीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा आणि सवड मिळेल तेव्हा घरचं दूध, भाजी आणि चार सल्ले घेऊन यायचा.

नवा होता तो फक्त दाणा.

कंपनीने त्याला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू दंडाच्या कातडीखाली बसवतात म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? लक्ष न लागणाऱ्या मुलांना उत्तेजक औषध देणं तसं जुनंच होतं. पण जुन्या गोळ्या सकाळी चढायच्या आणि संध्याकाळी धाडकन उतरायच्या. दाण्याने ती खोट काढून टाकली. नाडीचा वेग, घामातली रसायनं, सोबत मिळणाऱ्या चष्म्यातून टिपलेली डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, हे सगळं तो सतत वाचायचा. मुलाचं लक्ष आता भरकटणार हे मुलाच्या आधी दाण्याला कळायचं, आणि भरकटायच्या आत औषधाचा बारीकसा थेंब रक्तात सुटायचा. औषध कातडीखालच्या इवल्या कुपीत असायचं आणि ती कुपी महिन्याला दवाखान्यात भरून मिळायची.

मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात, ते काही पूर्ण खरं नाही. ते सुख देत नाही. 'ऊठ, हे करण्यासारखं आहे,' एवढंच सांगतं. एका पेशीने ते सोडायचं, शेजारणीने आपल्या ग्राहींवर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या कानांवर, झेलायचं, आणि उरलंसुरलं पहिलीने परत आत ओढून घ्यायचं, असा हा कारभार. उत्तेजक औषध ते परत ओढणं अडवून धरतं. त्यामुळे निरोप जास्त वेळ घुमत राहतो, आणि रटाळ धडासुद्धा करण्यासारखा वाटू लागतो. पण मेंदू महा हिशेबी. रोजच एवढा गलका होणार असेल तर इतके कान कशाला ठेवायचे, म्हणून तो ग्राही कमी करतो. मग औषध थांबलं की हाक पूर्वीएवढीच येते, पण ऐकायला कान उरलेले नसतात. आंघोळ करावी, केस विंचरावेत, आईकडे बघून हसावं, यातलं काहीच करण्यासारखं वाटत नाही. गोळ्या सोडणाऱ्यांनाही हे व्हायचं, पण त्यांना रोज संध्याकाळी थोडा तरी सराव असायचा. दाण्याने दोन वर्षं मेंदूला एकदाही स्वतःहून सुरुवात करू दिली नव्हती.

औषध सुटतानाच्या या दिवसांना ट्यूशन एरियात 'उतार' म्हणत.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा कडक होता. पालकाने फोनवर अंगठा लावला तरच त्या दिवसाचा डोस मोकळा व्हायचा. दोन वर्षं राजश्रीने सकाळचा चहा टाकायच्या आधी अंगठा लावला होता. समीक्षाला लक्ष न लागण्याचा आजार खरोखर होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना तो निघाला होता आणि सगळं रीतसर, तपासण्या करून निघालं होतं. खरं सांगायचं तर राजश्रीने फार विचारलंही नाही. कारण दाणा बसवल्यापासून तिची अबोल, सतत खिडकीबाहेर बघणारी पोरगी पार बदलली होती. उजाडायच्या आत उठायची, गाणी गुणगुणायची, पुस्तकातून डोकं काढून आईच्या गळ्यात पडायची, "मम्मी, तू किती करतीस गं माझ्यासाठी," म्हणायची. पोरीला अभ्यासाची सवय लागली तशी आईला या पोरीची सवय लागली. ते मात्र कुणी तपासलं नव्हतं.

*

"बऱ्याच आया परीक्षा झाली की त्याच दिवशी बंद करतात," डॉ. नौशीन काझी म्हणाल्या. उताराच्या रुग्णांसाठी त्यांनी वेगळा दवाखाना काढला होता आणि तिथे बसायला जागा मिळत नसे. "रूम खाली केली, पुस्तकं रद्दीत घातली, दाणा बंद. असं करायचं नाही. आपण दिवाळीपर्यंत हळूहळू उतरवू. उतरता डोस मी इथूनच लावून देते, तुमचा अंगठा आता फक्त वाढीव डोससाठी. तोपर्यंत तुम्ही दोघी लातुरातच राहा."

"मेंदूचे कान परत येतात ना हो मॅडम?" राजश्रीने विचारलं. ग्राही हा शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता.

"येतात. विशीच्या आतला मेंदू आहे, येतात. पण दही लागताना भांडं हलवायचं नसतं, तसं आहे हे. मध्येच एकदा जरी पूर्ण डोस गेला, तर नवीन आलेले ग्राही मेंदू परत काढून घेतो. आणि दुसऱ्यांदा तो इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही. काही मुलांत तर पुढे येतच नाहीत. का, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"मी नाही देणार. शपथ घेतलीय मी," राजश्री म्हणाली.

समीक्षाने सांगितलं होतं ते सगळं तिने स्वतःच अक्षरशः करून दाखवलं. पहिल्या आठवड्यात ती नुसती झोपली आणि उठून भाताचं पातेलं संपवून परत झोपली. मग चिडचीड सुरू झाली. पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, आईच्या बांगड्या, सगळं तिच्या डोक्यात जायचं. मग मागणं.

"मम्मी, अर्धा दे. आजच्या दिवस फक्त."

"नाही."

"मी मरायलेय इथं आणि तुला दिसंना का?"

"दिसतंय बाळा. तूच म्हणली होतीस ना?"

"तवा मी खुळी होते!" समीक्षा खाली वाकली. तिने खरोखर आईचे पाय धरले, कपाळ पावलांवर टेकवलं. आणि राजश्री हलत नाही असं दिसल्यावर त्याच पावलांजवळ बसून शांतपणे बोलली, "तुला बारावीला गणितात नापास झाल्याचं शल्य आहे. म्हणून मला इथं आणलीस. डॉक्टरची आई म्हणून मिरवायचं होतं तुला. मिरवून झालं की माझं काय का होईना."

लेकराने वर्मावर बोट ठेवलं की ते किती खोल जातं हे ज्याचं त्यालाच कळतं. राजश्री फोन घेऊन न्हाणीत गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडली. पण अंगठा लावला नाही. पुढेही लावला नाही. शेजारच्या खोलीतल्या आया म्हणायच्या, "समीक्षाच्या मम्मीचं काळीज दगडाचं आहे बाई, आमच्याच्यानं नसतं झालं." राजश्रीला ते ऐकून बरं वाटायचं. आपण खंबीर आहोत या गोष्टीचा तिला थोडा गर्वच झाला, आणि त्यात वावगं काही नव्हतं. तिच्याजवळ तेव्हा गर्व करण्यासारखं दुसरं होतं काय?

मग एके दिवशी मागणं थांबलं.

राजश्रीला वाटलं, जिंकलो. पण ते मागण्यापेक्षा वाईट निघालं. समीक्षा उशीला टेकून बसायची आणि बसलेलीच असायची. जेव म्हटलं की जेवायची. ऊठ म्हटलं की उठायची. कुणी काही म्हटलं नाही तर दुपारचं ऊन तोंडावर आलं तरी सरकायची नाही. राजश्री तिचे केस विंचरायची, नखं कापायची, लहानपणच्या गोष्टी सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी.

"माझ्यावर रागावलीस का गं?" एकदा तिने न राहवून विचारलं.

"नाही." समीक्षाने आईच्या तोंडाकडे बघितलं. उत्तर खरं द्यावं म्हणून ती बराच वेळ बघत राहिली. "तुझ्याकडं बघून मला काहीच होईना, मम्मी. तू मला आवडायचीस हे आठवतंय. सूत्र आठवावं तसं आठवतंय. पण होत काही नाही."

राजश्रीला शिव्या परवडल्या असत्या. शिवी देणारं लेकरू निदान आपल्याशी भांडत तरी असतं.

"हे असं होतंच," डॉ. काझी म्हणाल्या. "वाट बघा. ती स्वतःहून काही करते का, तेवढं बघत राहा. कितीही क्षुल्लक असू दे."

श्रावण लागला तेव्हा ते झालं. समीक्षाने वरणाचा घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." एवढंच. स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून आजवर जगात कुठली बाई इतकी हरखली नसेल. राजश्रीने मीठ आणायला म्हणून तोंड फिरवलं आणि ओट्याला धरून हुंदके दिले. दोन दिवसांनी समीक्षाने न सांगता खिडकी लावली. पुढच्या आठवड्यात तिने आपणहून केस धुतले. डॉ. काझींना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "आले! ग्राही यायला लागलेत. आता काहीही करू नका. असंच चालू द्या."

*

आणि त्याच आठवड्यात निकाल लागला.

समीक्षा नुसती पास झाली नव्हती, विभागात पहिल्या काहीजणांत आली होती. सरकारी मेडिकलची जागा पक्की. भविष्यकाळ कितीही पुढे गेला तरी लातूरच्या चौकातल्या डिजिटल फलकावाचून त्याचं पान हलत नाही. दुसऱ्याच दिवशी क्लासच्या मोरगे सरांनी चौकात दोन मजली पडदा लावला आणि त्यावर समीक्षाचा दोन वर्षांपूर्वीचा हसरा चेहरा डोळे मिचकावत सगळ्या गावाला नमस्कार करू लागला. सरांनी सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ आणि पोरीचे दोन शब्द.

"दोन शब्द बोललीच पाहिजे," सर म्हणाले. "पुढच्या बॅचचे पालक यायलेत. त्यांना प्रेरणा मिळती."

राजश्रीने पडत्या आवाजात सांगून बघितलं की पोरगी उतारात आहे, तिला नको. सर हसले. "उतारात सगळेच असतात हो. सत्काराला कोण नाही आलं आजवर?"

बसवराज आदल्या दिवशीच आला. गावाकडून दोन जीप भरून माणसं येणार होती. त्याने लेकीसाठी मोरपंखी रंगाची इरकल आणली होती. राजश्रीने ती समीक्षाला नेसवली, फेट्याचं माप घेतलं आणि म्हणाली, "जरा हस बघू." समीक्षाने ओठ ताणले. आज्ञाधारकपणे, दात दिसेपर्यंत. बसवराज बघत होता. तो उठून गॅलरीत गेला.

"माझी लेक आहे का ती?" राजश्री मागून गेली तेव्हा तो म्हणाला. मोठा दणकट माणूस, कठडा धरून उभा होता. "मला तिच्या नंबराचं काही नाही गं. पण अशी उद्या उभी राहिली तर लोक म्हणतील, हालकुडेनं पोरगी विकली आणि नंबर आणला."

"सुधरायलीय ती. मॅडम म्हणल्यात."

"किती दिवसांनी?"

राजश्री आत गेली आणि लेकीची इरकल सोडून तिची घडी घालू लागली.

सकाळी चहा टाकण्याआधी राजश्रीने फोन उघडला. 'विशेष दिवस' नावाची एक सोय त्यात होती. चाचणी, सराव परीक्षा, मोठी परीक्षा, या दिवशी आयांनी ती दाबायची आणि दाणा पूर्ण डोस सोडायचा. महत्त्वाच्या दिवशी लेकराला पूर्ण द्यायचं, कमी पडू द्यायचं नाही. हे ट्यूशन एरियातल्या आयांच्या हातात इतकं मुरलं होतं की परीक्षा आणि सत्कार यांत फरक करायला तो हात तयार होईना. एका दिवसाने काय होतंय, असं तिने मनाशी म्हटलं. डॉक्टरांना विचारावं असंही मनात आलं, पण त्या काय म्हणतील हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

आणि खरं कारण याहून साधं होतं. लोक काय म्हणतील हे तिने एकवेळ सोसलं असतं. तिला तिची लेक बघायची होती. एकदाच, दुपारपुरती. पाया पडून मागणाऱ्या लेकीला जे दिलं नाही, ते न मागणाऱ्या लेकीला, ती झोपेत असतानाच, तिने अंगठा लावून दिलं.

समीक्षा उठली, आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाली, "मम्मी, काय मस्त वास येतोय चहाचा!"

*

सभागृह खचाखच भरलं होतं. फेटा बांधलेली समीक्षा मंचावर चढली ती पायऱ्या एकेक गाळत. मोरगे सर बाजूला झाले. गावाकडच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं आणि सगळा हॉल हसला.

"अभ्यासाचं सर सांगतील," ती म्हणाली. "मी दुसरंच सांगते, जे इथं कुणी सांगत नाही. मी उतारात होते. तीन-चार महिने मी माणसात नव्हते. आईकडं बघितलं तरी काही वाटायचं नाही. मी तिच्या पायावर डोकं ठेवून डोस मागितला. घाण घाण बोलले. तिनं दिला नाही." तिने समोर बसलेल्या आईकडे बोट दाखवलं. "एकदाही दिला नाही. आणि आज सकाळी मी उठले, आणि ते सगळं आपोआप परत आलं होतं. जादा औषध नाही, काही नाही. चहाचा वास आला आणि मला रडू आलं. इथं जेवढ्या आया बसल्यात त्यांना सांगते, उतार संपतो. मी संपवलाय. धीर धरा, देऊ नका. माझ्या मम्मीसारख्या राहा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत बसवराज उपरण्याने डोळे पुसत होता. कुणीतरी राजश्रीला उठवून मंचावर ढकललं, हातात माइक दिला. राजश्रीच्या तोंडातून शब्द फुटेना. लोकांना ते आईचं गहिवरणं वाटलं आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. समीक्षाने तिला मिठी मारली, फेट्याचा शेमला दोघींच्या मध्ये आला, आणि ती आईच्या कानात म्हणाली, "आलं गं परत. तुझ्याकडं बघून होतंय मला. लई होतंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. निदान घरी गेल्यावर. पण दिवसभर ती पोरगी घरात नाचत होती, आत्यांना नकला करून दाखवत होती, आईला भरवत होती. अशा लेकराच्या तोंडावर खरं कोण फेकेल? राजश्री मिळालं तेवढं डोळे भरून बघत राहिली. उष्टं अन्न गोड लागावं आणि घशाखाली उतरू नये, तसा तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी समीक्षा उठली नाही. तिसऱ्या दिवशी राजश्रीने उठवून बसवलं तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "गेलं." मग पाण्याचे दोन घोट पाजल्यावर, "मला वाटलं होतं माझं आहे."

डॉ. काझींनी तपासण्या केल्या, पडद्यावरची आलेखाची रेघ पाहिली आणि राजश्रीकडे वळल्या. ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"परत लागेल का हो दही?" राजश्रीने विचारलं.

"माहीत नाही. लागलं तरी पहिल्यासारखं लागणार नाही." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "तिला सांगितलंत का?"

"कसं सांगू? माझ्यावरच तेवढा विश्वास आहे तिचा."

"आणि आत्ता तिला वाटतंय की आपण बरे झालो होतो, स्वतःच्या बळावर, आणि तरी ते टिकलं नाही. मग ती परत कशाच्या जोरावर धरून राहील? तुम्ही तिला सांगा. आजच."

राजश्रीने घरी येऊन सांगितलं. लेकीसमोर जमिनीवर बसली, पदर पसरला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मला तुला बघायचं होतं गं, हेही सांगितलं. मग ती वाट बघत राहिली. समीक्षाने ओरडावं, भांडं फेकावं, जन्मभर तोंड बघणार नाही म्हणावं. त्यासाठी तिने नवस बोलला असता.

"बरं," समीक्षा म्हणाली.

"नुसतं बरं म्हणू नको. बोल मला. मार."

समीक्षाने विचार केल्यासारखं केलं. "मग रोजच दे ना, मम्मी," ती म्हणाली. त्यात मागणी नव्हती, टोमणा तर नव्हताच. शेजारणीला वाटी परत करावी तसं तिने ते सांगितलं. "मला काही फरक पडंना. पण तशी असले की तुला बरं वाटतं."

राजश्रीने दिला नाही. त्या दिवशी नाही, दसऱ्याला नाही, दिवाळीत तिने घरभर पणत्या लावल्या आणि लेक अंधाऱ्या खोलीत बसून राहिली तेव्हाही नाही. आता तिच्या खंबीरपणाला कुणी नावाजलं नाही, आणि तिलाही त्यात काही वाटेना. मीठ कमी पडलं, जास्त पडलं, समीक्षा जेवत राहिली. डॉ. काझी 'वाट बघा' म्हणायच्या, पण फोनवर त्यांचा आवाज महिन्यागणिक बारीक होत गेला.

मेडिकलचे वर्ग सुरू व्हायच्या सुमारास समीक्षाला अठरा पूर्ण झाली. पालकाचा अंगठा आपोआप रद्द झाला. तिने बॅग भरली, म्हणजे राजश्रीने भरली आणि ती बघत बसली. मग कॉलेजात जायचंय तर चालावं बोलावं तर लागेल, असं म्हणून तिने स्वतःच पूर्ण डोस सुरू केला. आईच्या देखत, लपवाछपवी न करता. राजश्री नको म्हणाली. पण नको म्हणायचा हक्क ती त्या सत्काराच्या सकाळी गमावून बसली होती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

आता राजश्री देवणीला असते. सोमवार ते शनिवार समीक्षाचा फोन येतो. काय बोलू अन् काय नको असं पोरीला होतं. शवविच्छेदनाच्या तासाला कोण चक्कर येऊन पडलं, मेसची आमटी कशी पाण्यासारखी असते, आणि मम्मी, तुझी लई आठवण येते गं. बसवराज स्पीकर लावायला सांगतो आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकवतो. राजश्री ऐकते, मलाही गं म्हणते. हवी होती तशी लेक तिला मिळाली आहे, आणि त्या गोड आवाजातला एकही शब्द तिला खरा धरवत नाही.

रविवारी फोन येत नाही. हृदयावर ताण नको म्हणून कॉलेजची पोरं त्या दिवशी दाण्याला सुट्टी देतात.

एका रविवारी राजश्रीने धीर करून स्वतःच फोन लावला. बऱ्याच रिंगा झाल्या.

"हं," पलीकडून आवाज आला. सपाट, धुतल्यासारखा.

"मी आहे बाळा. मम्मी."

"काय काम होतं?"

"काम नव्हतं गं. तुझा आवाज ऐकावा वाटला."

"ऐकलास ना?"

"ऐकला," राजश्री म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा ती आपल्या पोटच्या पोरीशी बोलत होती. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "ठेव मग."

पण फोन ठेवायचा म्हणजेही कुणीतरी आधी मनात आणावं लागतं. समीक्षाने ठेवला नाही. पलीकडे नुसता श्वास चालू राहिला, आत, बाहेर, आत. राजश्री तो कानाशी धरून चुलीपुढे बसून राहिली. बसवराजने बाहेरून विचारलं, "काय म्हणायलीय लेक?" तेव्हा तिने फोनवर हात ठेवला आणि सांगितलं, "काही नाही. बोलू द्या आम्हाला."